हाड तर शाबूत आहे!

माझा भाचा हडपसरला माळवाडीकडे राहतो. वय एकवीस. पोलिसात भरती व्हायचे म्हणून पहाटे कालव्याच्या कडेने धावायचे आणि संध्याकाळी कबड्डी खेळायची, असा त्याचा क्रम. 2024 च्या जानेवारीत त्याच्या संघाचा एक सामना होता आणि मी मामा या नात्याने पहिल्या रांगेत बसलो होतो.

चढाई करून तो परत येत होता. मध्यरेषा दोन पावलांवर आली होती. समोरच्या गड्याला चुकवण्यासाठी त्याने उजवा पाय मातीत रोवला, अंग डावीकडे वळवले आणि तो मटकन खाली बसला. कोणी पकडले नव्हते, कोणाचा धक्काही लागला नव्हता. म्हणूनच माझ्या मागे कोणीतरी म्हणाले, “नाटक करतोय!” त्याला बाहेर आणल्यावर तो मला एवढेच म्हणाला, “मामा, आत कट्‌कन वाजलं.”

ते वाक्य मी ऐकले आणि विसरलो. पुढे सहा महिने जो घोळ झाला, त्याची सुरुवात माझ्या या विसरण्यापासून आहे.

दिवेलागणीपर्यंत गुडघा नारळासारखा सुजला. बहिणीने आंबेहळद आणि रक्त्याबोळ उगाळून लेप घातला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी एक नामांकित मालीशवाले आणले. त्यांनी “शीर चढली आहे” म्हणून पाय असा ओढला, की पोराच्या डोळ्यांतून पाणी आले. तिसऱ्या दिवशी एका दवाखान्यात क्ष-किरणांचा फोटो निघाला. तो उजेडासमोर धरून सांगण्यात आले, “हाड शाबूत आहे. मुरगळलाय. तीन आठवडे विश्रांती.” बहिणीने मारुतीला नारळ फोडला.

तीन आठवड्यांत सूज उतरली. पोरगा चालू लागला आणि महिन्या-दीड महिन्यात कालव्याच्या कडेने पळूही लागला! आम्ही सारे फसलो ते इथेच. सरळ रेषेत पळायला गुडघ्याचा तो आतला बंध फारसा लागत नाही. तो लागतो वळताना, अचानक थांबताना, उडी मारून उतरताना. जिना उतरताना त्याला कधी कधी “पाय आपला नाही” असे वाटे. पण भरती तोंडावर आलेला मुलगा असल्या गोष्टी घरात बोलत नाही.

मग आषाढाची वारी आली. पुण्याहून निघालेल्या दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत येतात आणि येथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात: माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. त्या दिवशी गाडीतळाजवळ भाचा वारकऱ्यांना पाणी देत होता. हातात भरलेला कॅन घेऊन तो दुभाजकावरून खाली उतरला, बाजूला वळला, आणि गुडघा बिजागरी निखळल्यासारखा सरकला. भर रस्त्यात तो खाली बसला. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याने त्याला हात देऊन उठवले.

या वेळी आम्ही अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेलो. मी जुना फोटो पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि भाच्याला विचारले, “पडलास तेव्हा आवाज आला होता का? सूज किती वेळात आली? त्यानंतर खेळू शकलास का? आणि आता गुडघा दगा देतो का?” उत्तरे ऐकूनच त्यांचा तर्क बहुतेक ठरला होता, असे मला वाटते. जानेवारीतच ही चारपैकी तीन उत्तरे आमच्यापाशी तयार होती. विचारणारे कोणी नव्हते.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना चार मुख्य बंध एकत्र धरून ठेवतात. त्यांनाच आपण लिगामेंट म्हणतो. दोन कडेला, आतल्या व बाहेरच्या अंगाला. दोन सांध्याच्या पोटात, गुणिलेच्या खुणेसारखे एकमेकांना छेदून गेलेले. यांपैकी पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा सावरतो. त्यात रक्तवाहिन्या असतात. तो तुटला की सांध्यात रक्त साचते आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. नुसती आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली तर सूज बहुधा सावकाश, दुसऱ्या दिवशी दिसते. सूज केव्हा आली या प्रश्नाला म्हणूनच इतके महत्त्व. आणि क्ष-किरणांच्या फोटोत हाड दिसते, बंध दिसत नाही. तेव्हा पहिल्या दवाखान्याने सांगितले ते खोटे नव्हते. हाड शाबूतच होते!

मग हाताची परीक्षा. भाच्याला उताणे निजवून त्यांनी गुडघा किंचित, वीस-तीस अंश वाकवला. एका हाताने मांडी घट्ट धरली, दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. आधी चांगल्या पायाची. ताणलेली दोरी अडावी तशी ती टक्क थांबली. मग दुखऱ्या पायाची. ती पुढे सरकत गेली. टक्क असे काही झालेच नाही. मला बाकावरूनही फरक दिसला. सारा प्रकार अर्ध्या मिनिटाचा.

या परीक्षेला लॅकमन चाचणी म्हणतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन लॅकमन ती शिकवत आणि त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग यांनी ती 1976 साली प्रसिद्ध केली. पण नूलिस नावाच्या एका ग्रीक वैद्याने 1875 साली पॅरिसमधील आपल्या प्रबंधात जवळजवळ हेच लिहून ठेवले होते. त्याच शहरात 1879 साली पॉल सेगाँ यांनी नडगीच्या बाहेरच्या कडेवरून निघणारी हाडाची एक बारीक कपची वर्णिली. आज ती फोटोत दिसली, की पुढचा बंध तुटला असे डॉक्टर जवळजवळ धरूनच चालतात. गंमत अशी, की क्ष-किरणांचा शोध लागला 1895 साली! सेगाँ यांनी ती कपची प्रेतांवर अभ्यास करून शोधली होती.

ताज्या दुखापतीत मात्र स्नायू आखडलेले असतात, रोगी पाय हलवू देत नाही. तेव्हा बर्फ, पट्टी, पाय उशीवर उंच आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासणी, हा मार्ग. मालीश आणि शेक या दिवसांत नको. पण पाऊल गार पडले, बधिर झाले किंवा गुडघा सांध्यातून निसटून बसला असे वाटले, तर एक तासही थांबू नये. तिथे रक्तवाहिनीचा प्रश्न असतो. आणि आमच्या सोलापूर रस्त्यावर दुचाकीवरून पडून नडगीच्या समोर मार बसला असेल, तर पुढच्याऐवजी मागचा बंध तुटल्याचा संशय घ्यायचा. कडेचे बंध, विशेषतः आतल्या अंगाचा, पुष्कळदा पट्ट्याने आणि व्यायामानेच सांधतात.

एमआरआय शेवटी झाला. पुढचा बंध तुटलेला, आणि आतल्या बाजूची गादीही फाटलेली. गादी जानेवारीत फाटली की गाडीतळाला, हे खात्रीने सांगता येत नाही. पण बंधाविना गुडघा जितक्या वेळा सरकतो, तितका गादीला धोका, एवढे डॉक्टर म्हणाले. ते ऐकून बहीण माझ्याकडे पाहत राहिली. “दादा, तुला त्यानं सांगितलं होतं ना, वाजलं म्हणून?”

त्या वर्षीची मैदानी चाचणी हुकली. सोळाशे मीटर त्याने कदाचित पळूनही काढले असते. पुढच्या प्रशिक्षणाचे काय? तुटलेल्या प्रत्येक गुडघ्याला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. पण कबड्डी खेळायची, वर्दी घालायची आणि गादीही शिवायची म्हटल्यावर त्याची झाली. त्याच्याच मांडीमागची कंडरा काढून नवा बंध बसवला. मैदानावर नऊ महिन्यांच्या आत नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. त्या दिवसांत त्याने खोलीत विनेश फोगटचे चित्र लावले होते. 2016 साली रिओत कुस्ती चालू असताना तिचा गुडघा गेला, तिला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. आणि 2018 साली जाकार्त्यात तिने आशियाई सुवर्णपदक घेतले.

गेल्या हिवाळ्यात एका सामन्याला आम्ही दोघे प्रेक्षक म्हणून गेलो होतो. एक शाळकरी पोरगा वळता वळता खाली बसला. मंडळी धावली; कोणी पाय ओढा म्हणाले, कोणी “ऊठ, चालून बघ” म्हणाले. भाचा गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी जाऊन बसला.

“आवाज आला का रे?” त्याने विचारले, आणि मनगटावरच्या घड्याळात किती वाजले ते पाहून ठेवले.