आमच्या वाफ्यांतील अनोळखी टोमॅटो

गेल्या वर्षीं शाळेच्या बागेंतील एक वाफा आमच्या वर्गाकडे सोंपविलेला होता. दुकानांतून आणलेल्या एका पाकिटांतील बियांपासून आम्हीं त्यांत टोमॅटो लाविले. सर्व झाडांस एकसारखीं, वाटोळीं, लालभडक फळें आलीं. तीं पाहून आमच्या एका वर्गबंधूनें उत्तम पिकलेलीं फळें निवडलीं व त्यांचें बीं धुऊन, सुकवून कागदाच्या पुडींत जपून ठेविलें. यंदा पावसाळा ओसरतांच त्याच बियांचीं सोळा रोपें आम्हीं वाफ्यांत लाविलीं. नवें पाकीट घेण्याचा खर्च वांचला म्हणून सर्वांनीं त्याचें कौतुक केलें.

नाताळाच्या सुटीपूर्वीं फळें धरलीं आणि हें कौतुक मावळलें. अकरा झाडांचीं फळें पूर्वींसारखीं वाटोळीं होतीं. परंतु पांच झाडांचीं फळें लांबट व देंठाकडे निमुळतीं निघालीं. आमच्यांपैकीं कित्येकांनीं लागलाच तर्क केला कीं, ह्यानें मूळचें बीं हरविलें असावें आणि तें लपविण्यासाठीं दुसरेंच कोठून तरी आणून त्यांत मिसळलें असावें. "बीं तेंच आहे," एवढेंच तो म्हणाला. आम्हीं तें मानलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पाणी घालण्याची पाळी त्याची होती. तो आला, मुकाट्यानें पाणी घालून निघून गेला. त्याच्याशीं कोणी बोललें नाहीं.

ही गोष्ट आमच्या शास्त्राच्या शिक्षकांच्या कानीं गेली. ते कोणावर रागावले नाहींत. "गेल्या वर्षींचें पाकीट आहे काय?" इतकेंच त्यांनीं विचारलें. सुदैवानें अवजारांच्या पेटींत तें सांपडलें. त्यावर 'संकरित' असा शब्द छापलेला होता. "तुमच्या भांडणाचें उत्तर ह्या एका शब्दांत आहे," असें म्हणून त्यांनीं जें समजावून दिलें, तें वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

टोमॅटोच्या फुलांत परागकोश एकमेकांस चिकटून त्यांचा शंकूसारखा आकार होतो व स्त्रीकेसर त्याच्या आंत दडलेला असतो. त्यामुळें बहुतेक वेळां फुलाचा पराग त्याच फुलास लागतो. म्हणूनच शुद्ध जातीचें बीं वर्षानुवर्षें आईच्याच वळणावर जातें. संकरित बियांची गोष्ट निराळी. तेथें एका जातीच्या कळींतील परागकोश आधींच काढून टाकितात व दुसऱ्या जातीचा पराग हातानें तिला लावितात. ह्या मिलनापासून होणारी पहिली पिढी जोमदार व एकसारखी असते. परंतु तिच्या पोटीं दोन घराण्यांचा वारसा असतो.

हा वारसा पुढें कसा वांटला जातो, हें ग्रेगोर मेंडेल ह्या धर्मोपदेशकानें शोधून काढिलें. आज चेक प्रजासत्ताकांत असलेल्या ब्रनो शहरांतील मठाच्या बागेंत त्यानें १८५६ पासून १८६३ पर्यंत वाटाण्यावर प्रयोग केले. गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा त्यानें संकर केला, तेव्हां पहिल्या पिढींत सर्व दाणे गोल निघाले. सुरकुतलेला गुण जणूं नाहींसाच झाला. परंतु त्याच दाण्यांची पुढील पिढी मोजतां ५,४७४ दाणे गोल व १,८५० सुरकुतलेले भरले. म्हणजे सुमारें तिनास एक. हा निबंध १८६६ सालीं छापला गेला; पण त्याचें मोल जगास १९०० सालीं कळलें. मेंडेल त्यापूर्वींच, १८८४ सालीं, निवर्तला होता.

टोमॅटोच्या आकाराचेंही असेंच आहे. फळास लांबट, निमुळता आकार देणारा एक गुण असा आहे कीं, तो गोल आकाराच्या गुणापुढें दबून राहतो. प्रत्येक झाडाजवळ आकाराच्या दोन चिठ्ठ्या आहेत अशी कल्पना करा. आमच्या पहिल्या झाडांजवळ एक 'गोल' व एक 'लांब' अशा चिठ्ठ्या होत्या. 'गोल' प्रबळ म्हणून फळें गोल दिसलीं. बीं धरतांना परागाकडून एक व अंडाकडून एक अशी चिठ्ठी येते. गोल-गोल, गोल-लांब, लांब-गोल व लांब-लांब अशा चारच जोड्या संभवतात. शेवटच्या जोडींत 'गोल' नसल्यामुळें दडलेला गुण उघड होतो. सोळांत चार हा त्याचा हिशेब. आमच्या वाफ्यांत पांच झालीं. झाडें थोडीं असलीं म्हणजे इतका फरक पडावयाचाच. मेंडेलनें हजारों दाणे मोजले ते ह्याचसाठीं.

घरीं बीं धरूं इच्छिणाऱ्या पालकांनीं प्रथम पाकीट वाचावें. 'संकरित' किंवा 'एफ-१' असें लिहिलें असल्यास त्याच्या फळांचें बीं पुढें जसेंच्या तसें उतरेल अशी आशा धरूं नये. 'अर्का रक्षक' हें असें संकरित वाण आहे. 'पुसा रूबी' किंवा 'अर्का विकास' ह्यांसारख्या सरळ वाणांचें बीं मात्र खुशाल धरावें. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसह दोनतीन दिवस भांड्यांत ठेवावा, म्हणजे बियांवरील बुळबुळीत आवरण सुटतें. मग स्वच्छ धुऊन सावलींत वाळवावें व पुडीवर वाणाचें नांव आणि वर्ष लिहून ठेवावें.

सारें ऐकून झाल्यावर वर्गांत कोणी बोलेना. आमच्या वर्गबंधूनें बीं बदललें नव्हतें. जें आरंभापासून त्या बियांत होतें, तेंच वर आलें होतें. आम्हीं सर्वांनीं त्याची क्षमा मागितली. त्यानें ती हंसत केली व लगेच विचारलें, "ह्या लांबट फळांचें बीं धरलें तर पुढें काय येईल?" शिक्षक म्हणाले, "त्यांत 'गोल' चिठ्ठीच उरली नाहीं. तेव्हां आकार लांबटच येईल. गोल फळांचा मात्र भरंवसा देतां येत नाहीं." आतां त्या पांच झाडांचें बीं निराळ्या पुडींत ठेविलें आहे, आणि पुडीवर त्याच्याच हातचें अक्षर आहे. पुढील वर्षीं वाफ्यांत काय उगवतें तें मोजून सांगूंच. मोजण्यापूर्वीं कोणावर दोष ठेवावयाचा नाहीं, एवढें मात्र आम्ही ह्या पांच झाडांपाशीं शिकलों.