कृष्णधवल वनदृश्य छायाचित्रण

झाडे, वने व निर्जन भूप्रदेश यांचे केवळ काळ्या, करड्या व पांढऱ्या छटांत चित्रण करणारी छायाचित्रणाची शाखा. यात रंग नसल्याने आकार, पोत व छायाप्रकाश यांवरच चित्राची भिस्त असते. पानांचा हिरवा रंग कोणत्या करड्या छटेत उतरवावा, हा तिच्यातील मूलभूत प्रश्न होय.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तत्कालीन कोलोडियनयुक्त काचा मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील असत. त्यामुळे आकाश कोरे व पालवी काळपट उमटे. रंजकद्रव्यांमुळे काचा इतर रंगांनाही संवेदनशील करता येतात, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये दाखविले. १९०६ पासून सर्ववर्णी काचा विक्रीस आल्या व रंगीत गाळण्यांचा उपयोग वाढला. हिरवी गाळणी पाने उजळविते, तर तांबडी निळे आकाश गडद करते. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९२७ मध्ये योसेमिटीतील हाफ डोम कड्याचे प्रसिद्ध चित्र तांबड्या गाळणीतून घेतले.

मुंबई उपनगर जिल्ह्यातील मनोरी खाडीकाठच्या कच्छ वनश्रीत ही तत्त्वे स्पष्ट होतात. तिवराची पाने वरून तकतकीत हिरवी, तर खालून पांढरट असतात. त्यामुळे वाऱ्याने झाडाची छटा बदलते. मध्यान्हीच्या उन्हात पालवी व चिखल यांच्या छटा सारख्या उतरल्यास वनाची सीमा पुसट होते. हिरव्या गाळणीने हा भेद वाढविता येतो. ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली श्वसनमुळे तिरप्या प्रकाशात लांब सावल्यांमुळे उठून दिसतात.

अशा चित्रांना कलामूल्याइतकेच पुराव्याचेही मोल असते. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये घेतलेल्या योसेमिटीच्या चित्रांचा १८६४ मध्ये त्या दरीस संरक्षण मिळण्यास हातभार लागला. महाराष्ट्रात कच्छ वनश्रीच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली. मात्र गाळणी व प्रकाश बदलल्यास तेच वन दाट किंवा विरळ भासू शकते. म्हणून वनाच्या स्थितीची नोंद म्हणून घेतलेल्या चित्रासोबत स्थळ, दिनांक, भरती-ओहोटीची वेळ व वापरलेली गाळणी यांची माहिती जपणे आवश्यक ठरते. तिच्याअभावी दोन वर्षांच्या चित्रांची तुलना विश्वसनीय होत नाही.