शिवकालीन म्हणून मिरवणाऱ्या बंदुका

पाली गावातून राजगडाची जुनी राजवाट चढत गेलं की पाली दरवाजा लागतो. तिथल्या बुरुजांच्या परकोटाला गोल झरोके आहेत, त्यांना फलिका म्हणतात. त्या तोफांसाठी. माणसाच्या हातात मात्र असायची तोड्याची, म्हणजे जळत्या वातीनं बार पेटवायची बंदूक. आज मिरवणुकीत किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर ‘शिवकालीन’ म्हणून जी दिसते, ती पुष्कळदा भलत्याच जातीची असते.

ठासणीची बंदूक म्हणजे शिवकालीन, हा सगळ्यांत पक्का गैरसमज. ठासणीची म्हणजे दारू-गोळी नळीच्या तोंडातून भरायची, एवढंच. काळ ओळखायचा तो बार कसा पेटतो त्यावरून. घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची पद्धत १८२० नंतर पसरली. पेशवाई तर १८१८ मध्येच बुडाली होती. तेव्हा टोपीची बंदूक खांद्यावर घेतलेला मावळा म्हणजे निव्वळ नाटकाचा पोशाख.

बरं, तोडा लावलेला दिसला की झालं, असंही नाही. सतराव्या शतकातल्या बहुतेक युरोपीय बंदुकांत जळता तोडा धरणारा चिमटा पुढून मागे, नेम धरणाऱ्याकडे झुकतो. आपल्याकडच्या बंदुकीत तो दस्त्याच्या फटीतून वर येतो आणि मागून पुढे जातो. दस्ताही सडपातळ नि सरळ, नळी लांबच लांब. आज नकला बनवणाऱ्या कारागिरासमोर नमुना इंग्रजी असला तर नक्कलही इंग्रजीच उतरते.

नळीचं तर रूपच पालटलंय. पूर्वी लोखंडाची पट्टी तापवून, गजाभोवती वळवून, ठोकून जोडत. आता तयार पोलादी नळी वापरतात. म्हणून नक्कल जास्त भक्कम, असा निष्कर्ष कुणी काढू नये. शोभेची नळी बाराच्या दाबाला तपासलेलीच नसते.

असे बदल परदेशी नकलांतही होतात. काऊबॉयपटांतली, खालचं लोखंडी कडं ओढून काडतूस भरायची रायफल घ्या. १८६० च्या हेन्री रायफलचं मूळ काडतूस आता बाजारात मिळत नाही. म्हणून इटलीतल्या उबर्टी कंपनीनं नकलेत लांब काडतूस घेतलं आणि त्यासाठी सांगाडाही किंचित लांबवला. जपानच्या मिरोकू कंपनीनं बनवलेल्या काही विंचेस्टर रायफलींना तर मुळात नसलेला सुरक्षेचा खटका आहे. शौकीन त्यावर नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. खटका असलेला बरा.

राहिला कायदा. ‘जुन्या धर्तीची आहे, परवाना कशाला?’ असं सर्रास ऐकू येतं. शस्त्र अधिनियम, १९५९ जुन्या धर्तीच्या हत्याराला सूट देतो, पण ते दुरुस्त करूनही उडू शकत नसेल तरच. म्हणूनच शोभेच्या अनेक बंदुकांना कान, म्हणजे बत्ती देण्याचं भोक, पाडलेलंच नसतं. हौसेनं ते पाडून घेणं म्हणजे नकली बंदुकीची खरी करणं, आणि विनापरवाना तसं करायला कलम ६ ची मनाई आहे.