तेजीच्या दिवशी लाल कॅन्डल

3 जून 2024, सोमवार. निफ्टी शुक्रवारच्या बंद भावापेक्षा 733 अंकांनी वर बंद झाला. टीव्हीवर नुसती तेजीच तेजी. आणि आर या प्रोग्रामिंग भाषेत काढलेल्या माझ्या आलेखात त्या दिवसाची कॅन्डल मात्र लाल.

शेवगावात कुणी बाजार समजून घ्यायला आलं, की मी आधी हीच कॅन्डल दाखवतो. तिच्यावर बोट टेकवलं की चार आकडे उघडतात : सुरुवात 23,337.90, उच्चांक 23,338.70, नीचांक 23,062.30, बंद 23,263.90. बंद भाव सुरुवातीच्या खाली, म्हणून रंग लाल. आदल्या सत्राच्या बंद भावाशी या रंगाला देणंघेणं नाही. शनिवारी संध्याकाळी लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्या आल्या होत्या. सोमवारी बाजार उघडला तोच उडी मारून, आणि नंतर भाव थोडा उतरलाच. दुसऱ्या दिवशी निकाल. 23,179.50 ला उघडला तोच दिवसाचा उच्चांक, म्हणून कॅन्डलला वरची वात नाही. खाली मात्र 21,281.45 पर्यंत लांबच लांब वात आणि बंद 21,884.50. नुसती रेघ काढली असती, तर यातला फक्त शेवटचा आकडा हाती लागला असता.

हा आलेख काढायचं काम तसं थोडक्यात होतं. क्वांटमॉड हे पॅकेज याहू फायनान्सवरून भाव आणतं. त्यात तारीख स्वतंत्र रकान्यात नसते, ओळीला जोडलेली असते. ती सोडवून साध्या तक्त्यात घ्यायची. मग आलेख काढणाऱ्या प्लॉट्ली या पॅकेजला कॅन्डलस्टिक हवा असं सांगून तारीख आणि चारही भाव नेमून द्यायचे. खाली आपोआप येणारी सरकपट्टी मी काढून टाकतो. ती सरकवली तरी उभा अक्ष जागचा हलत नाही आणि कॅन्डल चपट्या दिसतात.

खरी मेहनत सुट्ट्यांची. शनिवार-रविवार रिकामे राहिले, की आलेखाला दर आठवड्याला भोक पडतं. ते बुजवायला प्लॉट्लीत सोय आहे, पण दरवेळी शनिवार सरसकट वगळणं धोक्याचं. 18 मे 2024 च्या शनिवारी एनएसईवर विशेष सत्र झालं होतं आणि 20 मेच्या सोमवारी मुंबईतल्या मतदानामुळे बाजार बंद होता. वाराचा नियम लावला तर झालेला व्यवहार पुसला जातो आणि बाजार बंद असलेल्या दिवसाची रिकामी जागा उरते. म्हणून मी वार बघत नाही. हातातल्या आकड्यांत जी तारीख नाही, तेवढीच वगळतो.

तयार आलेख एका एचटीएमएल फाइलमध्ये साठवला, की व्हॉट्सअॅपवरून डॉक्युमेंट म्हणून जातो. फाइल तीन-चार एमबीची. एकदा उतरवली की नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडते, बोटाने मोठी करून बघता येते. याचं मला फार मोल वाटतं. कारण शेअर बाजारातून दरमहा भरघोस परतावा देतो म्हणून याच शेवगाव तालुक्यात लोकांकडून पैसे गोळा झाले, पुढे फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. शेतकऱ्यांची घामाची कमाई त्यात गेली. 4 जूनची कॅन्डल ज्याने बोटाने उलगडून पाहिली आहे, त्याला दरमहा ठरलेला परतावा सांगणाऱ्याला चार प्रश्न विचारता येतील, असं मला मनापासून वाटतं.

इथला माणूस लगेच म्हणतो, ‘‘आमच्या कापसाचं असंच काढून द्या की.’’ वायद्याचं निघतं. एमसीएक्स या वायदे बाजारात कापसाचा भाव खंडीवर, म्हणजे सुमारे 356 किलोवर सांगतात आणि तिथे चारही आकडे मिळतात. बाजार समितीच्या तक्त्यात मात्र आवक असते आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीनच दर. पहिला सौदा कितीला फुटला, शेवटचा कितीला, याची नोंद त्यात नसते. सर्वसाधारण दराला बंद भाव ठरवून कॅन्डल सहज काढता येईल आणि दिसेलही झकास, पण तिचा रंग खोटा असेल. कापसासाठी मी किमान ते कमाल अशी उभी रेघ ओढतो, तिच्यावर सर्वसाधारण दराचा ठिपका देतो. बोट टेकवलं की त्या दिवसाची आवक दिसते.