सवयीच्या पाठीचं मिथक

सांगलीच्या विश्रामबागेत पाठदुखीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘ही खुर्चीवाल्यांची दुखणी. मार्केट यार्डातल्या हमालाची पाठ कधी दुखते का?’ पुरावा काय, तर हळदीचं पोतं घेऊन झपाझप चालणारा साठीचा गडी. पण यार्डात दिसतो तो टिकलेला माणूस. ज्याची पाठ कामातून गेली त्यानं हमालीच सोडली. तो मोजायला तिथे उरलाय कुठे? नापासांची नावं पटावरून काढायची आणि शाळेचा निकाल शंभर टक्के म्हणून मिरवायचं, त्यातलाच हा प्रकार. संशोधक याला ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की सवयीनं अंग कमावलं जातं. स्नायू कमावले जातात, हे तालमींच्या सांगलीत कोण नाकारेल? पण मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. स्नायूसारखी ती भरून येत नाही. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रात उचलण्याची मर्यादा 23 किलो आहे, तीही ओझं अंगालगत, कंबर सरळ आणि उचल मोजकी असेल तरच. यातली एकेक अट मोडली की आकडा खाली येतो. म्हणून बेदाण्याचा 15 किलोचा बॉक्ससुद्धा दिवसभर जमिनीवरून उचलून, कंबर पिळून ट्रकमध्ये चढवला तर हलका राहत नाही. पन्नास किलोच्या पोत्याचं मग काय सांगावं! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 मध्ये पुरुषांसाठी 55 किलोची शिफारस केली, असं कुणी सुनावेल. ती ओलांडू नये अशी हद्द आहे, तिच्या आत सारं सुरक्षित असल्याचा दाखला नव्हे. एकाच थप्पीवर राबणाऱ्या दोघांपैकी एकाचीच पाठ का धरते? चकतीच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातून दिसलं आहे. पण त्यानं पोतं निर्दोष सुटत नाही. नाजूक पाठीला तर ते जास्तच भारी.

बाकीचे समज किरकोळ. कंबरपट्टा? 2000 साली अमेरिकेतल्या दुकानांमधल्या हजारो कामगारांच्या अभ्यासात तो वापरून पाठदुखी कमी झाली नाही. एमआरआयमध्ये झीज दिसली? ती न दुखणाऱ्या पाठींतही दिसते. बसून काम म्हणून ट्रकचालक सुटला? गाडीचे हादरे त्याच्या मणक्यातच जिरतात. अंथरूण धरून पडून राहणं? साध्या पाठदुखीत त्यानं बरं व्हायला उलट उशीर लागतो; मात्र पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.