सेप्टिक टाकीतील मैला आणि शेताचे खत : परवानगीचा प्रश्न

पोंभुर्णा आणि त्याच्या आसपासच्या धानपट्ट्यात स्वच्छ भारत अभियानाच्या २०१४ पासूनच्या काळात घरोघरी शौचालये झाली. शौचालय बांधताना फारसा कोणाच्या मनात न आलेला एक प्रश्न काही वर्षांनी, टाकी तुंबली म्हणजे, दारात उभा राहतो. उपसा करणारी गाडी बोलावली जाते, टाकी रिकामी होते, गाडी निघून जाते. ती गाडी पुढे कोठे रिकामी होते, याची चौकशी सहसा होत नाही. नाला, जंगलाची कड, पडीक जमीन किंवा एखाद्या शेतकऱ्याची बांधी, यांपैकीच कोठे तरी ती रिकामी होते. शेतकऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. खत फुकट मिळाले, गाडीवाल्याची लांबची फेरी वाचली, असा दोघांच्या सोयीचा तो व्यवहार असतो. एखादा सावध शेतकरी मात्र आधी ग्रामपंचायतीत येतो आणि विचारतो की, यासाठी काही परवाना लागतो काय, आणि लागत असल्यास तो कोण देतो.

या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, सेप्टिक टाकीतून उपसलेला कच्चा मैलागाळ शेतात पसरण्यासाठी शेतकऱ्यास द्यावयाचा असा स्वतंत्र परवाना महाराष्ट्रात नाही. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी किंवा कृषी अधिकारी यांच्यापैकी कोणाच्याही ‘ना हरकत’ पत्राने तो निर्माण होत नाही. परवानगी आहे, परंतु ती वेगळ्या गोष्टींसाठी आहे. मैला वाहून नेणारी गाडी, तो रिता करून त्यावर प्रक्रिया करण्याची जागा आणि प्रक्रियेनंतर तयार होणारे खत या तीन ठिकाणी कायदा व प्रशासन यांचा संबंध येतो. शेतकऱ्याचा क्रमांक त्यानंतरचा. त्याच्या शेतात यावयाचे ते खत म्हणून यावे, मैला म्हणून नव्हे, असा या व्यवस्थेचा आशय आहे.

हा केवळ कागदी काटेकोरपणा नाही. टाकीत दोन-तीन वर्षे राहिलेला मैला कुजून निरुपद्रवी झाला असेल, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. टाकी वापरात असेपर्यंत तिच्यात रोज ताजी भर पडत असते. त्यामुळे उपशाच्या दिवशी गाडीत येणाऱ्या द्रवात तीन वर्षांपूर्वीचा गाळ असतो, तशीच कालचीही विष्ठा असते. त्यात पटकी, विषमज्वर, हगवण व कावीळ यांचे जंतू असू शकतात. जंतांची अंडी तर विशेष चिवट असतात. ओलसर मातीत ती महिनोन्महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ जिवंत राहतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि हा कृमी आतड्यात रक्त शोषून पंडुरोग उत्पन्न करतो.

धानाच्या शेतीची पद्धत येथे लक्षात घ्यावी लागते. चिखलणी झालेल्या बांधीत रोवणीसाठी स्त्रिया दिवसदिवस पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभ्या असतात. हात चिखलात, पाय चिखलात, आणि दुपारची शिदोरी बांधावर. एका बांधीचे पाणी दुसरीत, दुसरीचे तिसरीत आणि शेवटी बोडीत किंवा नाल्यात उतरते. त्याच बोडीवर जनावरे येतात, मुले पोहतात. ज्वारीच्या कोरड्या रानात टाकलेली घाण निदान एका जागी राहील. धानाच्या शेतात ती राहत नाही. शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनी गोळ्या वाटणाऱ्या शिक्षकांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही. गोळीने जंत जातात, पण मातीत अंडी पडत राहिली तर पुढच्या वेळी तीच मुले पुन्हा रांगेत असतात.

आता लाभाची बाजू पाहू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेल्या सरासरीनुसार सेप्टिक टाकीतील गाळात नत्राचे प्रमाण लिटरला सुमारे ६०० मिलिग्रॅम असते. प्रत्यक्षात ते बरेच कमीअधिक होते. चार हजार लिटरच्या एका गाडीत, म्हणजे, अडीच किलोच्या आतबाहेर नत्र आले. युरियात नत्र ४६ टक्के असते. हिशेब केला तर भरलेल्या एका गाडीचे नत्र पाच-सहा किलो युरियाइतके, म्हणजे ४५ किलोंच्या गोणीच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतके भरते. उरलेले बहुतेक सारे पाणीच. मैलागाळाचे खरे मोल त्यातील सेंद्रिय द्रव्यात आहे, आणि ते जमिनीला लाभावयाचे तर गाळ आधी वाळवून कुजविला पाहिजे.

जुन्या लोकांनी या खताला सोनखत म्हटले ते उगाच नव्हे. परंतु सोनखत म्हणजे ताजा मैला नव्हे. माती, राख, पालापाचोळा यांच्या थरांखाली तो दीर्घकाळ झाकून ठेवल्यावर, वास व रूप दोन्ही गेल्यानंतर जे उरते ते सोनखत. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी याच विषयावर आयुष्य वेचले. खताचा प्रश्न आणि मैला उचलणाऱ्या माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न त्यांनी कधी वेगळे केले नाहीत. देहूचे डॉ. सु. वि. मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या जैववायू संयंत्राद्वारे हेच काम पुढे नेले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. झाकून ठेवणे व वाट पाहणे हा सोनखताचा निम्मा भाग आज विसरला गेला आहे, आणि गाडीच्या नळीने तो विसर अधिकच सोपा केला आहे.

कायद्याची बाजू

जलप्रदूषण (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ अन्वये मंडळाच्या मानकांनुसार दूषित ठरणारे द्रव्य जाणूनबुजून प्रवाहात किंवा विहिरीत जाऊ देण्यास मनाई आहे. १९८८ च्या दुरुस्तीने या यादीत जमिनीचाही समावेश झाला. शेत स्वतःच्या मालकीचे आहे, एवढ्याने ही मनाई सुटत नाही. सेप्टिक टाक्यांविषयीच्या भारतीय मानकातही उपसलेला गाळ आसपासच्या जमिनीवर पसरू देऊ नये, असे सांगितले आहे.

जंगलाच्या कडेची सोय वाटते तेथे अडचण आणखी मोठी आहे. वनजमिनीचा असा उपयोग करता येत नाही. पूर्व विदर्भातील गावांत पडीक दिसणारी पुष्कळशी जमीन अभिलेखात झुडपी जंगल म्हणून नोंदलेली असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मधील निर्णयात झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचे स्पष्ट केले आहे. म्हणून मैलागाळासाठी जागा सुचविताना ग्रामपंचायतीने ठराव करण्यापूर्वी सातबारा व वन विभागाचा अभिलेख दोन्ही पाहणे आवश्यक आहे. ठराव आधी आणि अभिलेख नंतर, असा क्रम झाला तर प्रस्ताव वर्षानुवर्षे पडून राहतो.

गाडीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची अट माणसाविषयीची आहे. २०१३ च्या अधिनियमाने हाताने मैला साफ करण्यास तसेच संरक्षक साधनांशिवाय गटारे व सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी कोणास कामावर लावण्यास बंदी केली आहे. टाकीत साठलेल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो, आणि त्याला काढावयास उतरलेला दुसराही. अशा मृत्यूबद्दल द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये ठरविली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख रुपये केली. गाडीवाल्याची नोंदणी करताना तळाचा घट्ट गाळ तो कशाने काढतो, हा प्रश्न म्हणूनच पहिला विचारावा.

मैल्याचे खत होईपर्यंत

राष्ट्रीय मैलागाळ व्यवस्थापन धोरण २०१७ साली जाहीर झाले. त्यानुसार नगरांत ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. पोंभुर्ण्यात ती नगर पंचायतीकडे येते. साताऱ्यातील वाई व नाशिकमधील सिन्नर या नगरपरिषदांनी याबाबत राज्यात आधी पाऊल टाकले. टाकी तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी क्रमाने प्रत्येक घरची टाकी उपसावयाची आणि गाळ प्रक्रिया केंद्रातच रिता करावयाचा, अशी ती पद्धत आहे. दोन्ही केंद्रांची क्षमता दिवसाला ७० हजार लिटर आहे. पोंभुर्ण्यासारख्या लहान गावाला एवढे मोठे केंद्र लागणार नाही. दरडोई वर्षाला सुमारे ७० लिटर गाळ साठतो असे धरले तर पाच माणसांच्या घरात तीन वर्षांत हजार लिटरच्या आसपासच भरते. बंगळूरुजवळील देवनहळ्ळी येथे २०१५ मध्ये उभारलेले केंद्र दिवसाला केवळ सहा हजार लिटरचे आहे. तेथे वाळलेला गाळ ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून खत करण्यात आले, आणि लहान गावांनी पाहण्याजोगा नमुना तोच आहे.

अशा केंद्रासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. तयार खताची कसोटी केंद्रीय पुस्तिकेने दिली आहे : कोरड्या घन पदार्थाच्या प्रत्येक ग्रॅममागे विष्ठाजन्य जंतूंची संख्या हजाराच्या आत असावी. खत विकावयाचे असल्यास १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातील मानके लागू होतात, ज्यांत शिसे, कॅडमियम यांसारख्या धातूंच्याही मर्यादा आहेत. दवाखाना, गॅरेज किंवा कारखाना यांच्या टाक्यांतील गाळ घरगुती गाळात मिसळू न देण्याचे कारण हेच. चंद्रपूरच्या उन्हाची ख्याती मोठी असली तरी नुसत्या उन्हावर विसंबून भागत नाही. वरचा पापुद्रा वाळतो आणि खाली ओल टिकून राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार २० ते ३५ अंश तापमानात, नवी भर न घालता, एक वर्षाहून अधिक साठवण आवश्यक आहे.

अमेरिकेत घरगुती टाकीतील गाळ शेतात टाकण्यास १९९३ च्या नियमांनी वाट ठेवली आहे, हे खरे. पण ती मोकळी वाट नव्हे. गाळात चुना मिसळून त्याची क्षारता ठरावीक पातळीवर अर्धा तास टिकवावी किंवा तो ठरलेल्या मुदतीत जमिनीत गाडावा, मातीला टेकणारे पीक १४ महिने काढू नये, वर्षाचे प्रमाण पिकाच्या नत्राच्या गरजेपुरतेच ठेवावे, आणि या सर्वांच्या नोंदी पाच वर्षे जपाव्यात. साचलेल्या पाण्यात उभ्या असणाऱ्या धानाशी हे नियम जुळणे कठीणच.

नगराबाहेरच्या गावांसाठी स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) च्या २०२० साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात मैलागाळ व्यवस्थापनासाठी दरडोई २३० रुपयांपर्यंत तरतूद ठेवण्यात आली, आणि जवळच्या नगरातील केंद्राचा उपयोग करून घेण्यावर भर देण्यात आला. ग्रामपंचायतींनी यासाठी पंचायत समिती व जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षाशी पत्रव्यवहार करावयाचा असतो.

ज्या घरी दोन खड्ड्यांचे शौचालय आहे त्या घराला मात्र यांपैकी बहुतेक गोष्टींची गरज नाही. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करावा आणि पहिला बंद ठेवावा. दीड-दोन वर्षांनी तो उघडला असता भुसभुशीत, वासरहित माती हाती लागते. ती शेतात घालावयास कोणाचीही परवानगी लागत नाही. अट दोन बाबतींत आहे. बंद खड्ड्यात मधल्या काळात पाणी किंवा मैला जाऊ नये, आणि तलावाखालच्या भागात, जेथे पावसाळ्यात भूजल वर चढते, तेथे खड्डा विहिरीपासून किमान दहा मीटर दूर असावा. खड्डा रिकामा करण्याचे काम उन्हाळ्यात, पहिल्या नांगरणीपूर्वी उरकावे. पाऊस सुरू झाल्यावर झाकण उघडू नये.