वरच्या मजल्यावरून गल्ल्यावरचा संगणक उघडत नाही तेव्हा

खाली गिऱ्हाईक आणि वर हिशेब, ही मांडणी नगरच्या कापड बाजारातील दुकानदारांना नवी नाही. बिलांचा संगणक गल्ल्यावर असतो आणि मालक वरच्या मजल्यावरून विंडोजच्या 'रिमोट डेस्कटॉप'ने तोच संगणक उघडतो. ऐन हंगामात ही जोडणी होईनाशी झाली की लगेच मेकॅनिकला फोन जातो. त्याआधी व्यापारी बंधूंनी पडद्यावर आलेली सूचना नीट वाचावी. नाव किंवा पासवर्ड चुकल्याची सूचना असेल, तर वायर आणि राउटर ठीक आहेत. संगणक सापडतच नाही असे म्हणत असेल, तर दोष वाटेत किंवा खालच्या यंत्रात आहे.

वाटेतला दोष बहुधा साधा असतो. खालचा संगणक 'स्लीप'मध्ये गेलेला असतो, किंवा वीज जाऊन आल्यावर राउटरने त्याला नवा आयपी पत्ता दिलेला असतो. काल १९२.१६८.१.५ होता, आज १९२.१६८.१.८ झाला, आणि वरचा संगणक मात्र जुनेच दार ठोठावत बसतो! खालच्या यंत्रावर 'आयपीकॉन्फिग' हा आदेश देऊन पत्ता पाहावा आणि राउटरमध्ये तो त्या यंत्रासाठी कायमचा राखून ठेवावा. वरचा लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर असला तरी जोडणी अडते. विंडोजची 'होम' आवृत्ती दुसऱ्या यंत्रात जाऊ शकते, पण दुसऱ्याला आत घेत नाही. गल्ल्यावरच्या यंत्रावर 'प्रो'च हवी. हे खरेदीच्या वेळीच विचारावे.

आत घेण्याचे नाकारले, तर पासवर्डकडे पाहावे. कोरा पासवर्ड चालत नाही आणि चार आकडी पिनही चालत नाही. मे २०१८ च्या सुरक्षा बदलानंतर एक यंत्र अद्ययावत आणि दुसरे जुने राहिल्यामुळेही अनेक जोडण्या तुटल्या होत्या. अशा वेळी दोन्ही यंत्रे अद्ययावत करावीत.

एका गोष्टीवरून मात्र विनाकारण भांडणे होतात. मालक वरून आत शिरला की खाली मुनिमाचा पडदा बंद होतो. हा बिघाड नव्हे. 'प्रो' आवृत्तीत एका वेळी एकालाच काम करता येते. दोघांनाही एकाच वेळी खतावणी हवी असेल, तर टॅलीचा बहुवापरकर्ता परवाना घेणे सरळ.

जोडणी होईना म्हणून फायरवॉल पूर्ण बंद करणारे, किंवा मालकाला घरून पाहता यावे म्हणून राउटरवर ३३८९ हा पोर्ट इंटरनेटला उघडा करून देणारे कारागीरही भेटतात. त्यांना तिथेच थांबवावे. मे २०१९ मध्ये याच सेवेतील 'ब्लूकीप' नावाची त्रुटी इतकी गंभीर ठरली, की मायक्रोसॉफ्टने २०१४ साली आधार बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. उघड्या पोर्टातून शिरलेले खंडणीखोर सगळी खाती कुलूपबंद करतात आणि मग पैसे मागतात. मार्केट यार्डातील वखारीतून किंवा घरून दुकानाचा संगणक पाहायचा असेल, तर आधी व्हीपीएन बसवून घ्यावे. खात्यांची एक प्रत रोज वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावी आणि तो ड्राइव्ह संध्याकाळी संगणकापासून काढून ठेवावा.